वाचून दाखवल्याची नोंद

मॅडम,

आमच्या घराबद्दल तुम्हाला जे माहीत होतं ते मीच सांगितलेलं होतं, आणि पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यातलं अर्धं माझ्या पदरचं होतं. तुम्ही ते ओळखलंत आणि मला घरी परत पाठवलंत. आपली गोष्ट तिथूनच सुरू होते, म्हणून आज तिथूनच सांगते. या वेळी पदरचं काही घालत नाही.

बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं सांवेर रोडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनखाली गेली तेव्हा मी सातवीत होते. पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापायचं मशीन होतं ते. त्यानंतर दोन महिने बाबा परदेशीपुऱ्यातल्या आमच्या एका खोलीत बसून राहिले, हात उशीवर ठेवून, जसा काही तो हात दुसऱ्या कोणाचा आहे आणि यांच्याकडे सांभाळायला दिलाय. आई साड्यांना फॉल लावायची. भाजी नसली की ती सेव पाण्यात उकळून, वर लाल तिखट टाकून रस्सा करायची, आणि आम्ही बोलायचो की आज सेवेची भाजी आहे, म्हणजे काही कमी नाहीये. मग बाबा सियागंजच्या घाऊक किराणा बाजारात हम्मालीला लागले. आठ बोटांनी पोतं पाठीवर घ्यायला शिकले. मिरचीची गाडी उतरवून आले की घरभर शिंका.

माझे पणजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार होते. पाहुणा आला की पाणी द्यायच्या आधी त्याला हे सांगितलं जायचं. त्या फौजेची ऐट तेवढी आमच्याकडे उरली होती, बाकी काही नाही. कॉलेजचं फाटक आमच्यातल्या कोणी आतून पाहिलेलं नव्हतं. बारावी झाल्यावर आई बोलली, "फॉल-पिकोचं मशीन घेऊ, घरातच बसेल." बाबा जेवत होते. मान वर न करता बोलले, "ही कॉलेजात जाईल. बस, झालं बोलून."

झालं बोलून. आमच्याकडे मोठे निर्णय असेच होतात.

वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला तुमचा पेपर मी का घेतला, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही समजत होतात की मला मानवाधिकारांची ओढ होती. तसं काही नव्हतं, मॅडम. तुमचा तास सकाळी आठला होता आणि दुपारी मला शिकवण्या घ्यायच्या असायच्या. आयकराचा पेपर दुपारी होता. ओढ नंतर लागली.

पहिल्या तासाला आम्ही जेमतेम अकरा जण होतो. तुम्ही फळ्यावर काही लिहिलं नाही. फक्त सांगितलंत की लढाईलाही नियम असतात, आणि त्या नियमांचा अभ्यास म्हणजे मानवतावादी कायदा. मागच्या बाकावरून कोणी तरी बोललं, "मैडम, लड़ाई में कौन नियम देखता है?"

"जो पकड़ा जाता है, वो," तुम्ही बोललात. "बड़े ध्यान से देखता है."

सगळे हसले. मी पण. पण घरी जाऊन मी बाबांना हेच सांगितलं. शरण आलेल्याला मारायचं नाही, शत्रूचा जखमी असला तरी त्याला पाणी द्यायचं, जो लढत नाही त्याला हात लावायचा नाही. बाबांनी जरा विचार केला. "तुझे पणजोबा पण हेच सांगायचे म्हणे. बस, लिहिलेलं नव्हतं." मग मला बोलले, "लिहिलेलं बरं. लिहिलेलं असलं की भांडता येतं."

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही तो गृहपाठ दिलात. पुढे तुमच्या प्रत्येक बॅचला दिलात तोच. घरातल्या एका माणसाचं बयान घ्यायचं, त्याच्यासोबत घडलेल्या एखाद्या गोष्टीचं. ज्या भाषेत तो बोलला त्याच भाषेत लिहायचं, हिंदी आली तर हिंदी, शिवी आली तर शिवी. लिहून झालं की त्याला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, "यातलं काय तुमचं नाही?" "बरोबर आहे ना?" असं विचारायचं नाही. त्याचं कारण तुम्ही सांगितलं होतं. "बरोबर आहे ना विचारलं की माणूस मान हलवतो. गरीब माणूस तर प्रश्न संपायच्या आधी हलवतो."

मी बाबांच्या बोटांबद्दल लिहिलं. चार पानं. मालकाची नफेखोरी, यंत्राच्या जबड्यात पिळला जाणारा श्रमिक, असं बरंच काही. मला फार भारी वाटलं होतं. तुम्ही स्टाफरूममध्ये उभ्याउभ्या वाचलंत.

"हे तुझ्या बाबांचं वाक्य आहे? 'श्रमिक'?"

"भावार्थ त्यांचाच आहे, मॅडम."

"भावार्थ कोर्टात हजर राहत नाही, पूनम. वाचून दाखवलंस?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"जा. दाखवून ये."

मला राग आला होता. माझे बाबा, त्यांची बोटं, आणि मला सांगणार तुम्ही? तरी गेले. बाबा जेवत होते, आई शेजारी सुईत दोरा ओवत होती. मी वाचायला लागले. दुसऱ्या पानावर बाबांचा घास थांबला.

"हे कोण बोलतंय?"

"तुम्ही."

"मी? हा तर कोणी नेता बोलतोय माइकवर." आई फिसकन हसली. मग बाबांनी ताट बाजूला सारलं. "बेटा, जाळी मीच काढली होती."

प्रेसच्या तोंडाला जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. ती असली की पत्रा सरकवायला वेळ लागतो आणि माल कमी निघतो. सगळेच काढायचे. त्या दिवशी बाबांनी आपल्या हातानं काढली होती. "स्क्रू माझ्या खिशात होते. दवाखान्यात नर्सनं काढून तुझ्या आईच्या हातात दिले."

आईला हे माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं. मला नव्हतं.

"आणि मालक?"

"तो रोज बघत जायचा की. काही बोलला नाही कधी."

मी रडत रडत ते बयान नव्यानं लिहिलं. सव्वा पान झालं. दुसऱ्या दिवशी तुमच्यासमोर ठेवलं तेव्हा मला वाटत होतं की सगळं संपलं, चूक आमचीच निघाली. तुम्ही वाचून मला खुर्ची दिलीत. स्टाफरूममध्ये विद्यार्थ्याला खुर्ची, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

"आधीच्या कागदात मालक राक्षस होता," तुम्ही बोललात, "आणि त्याच्या वकिलानं दोन मिनिटांत त्याला सोडवला असता. या कागदात तुझ्या बाबांची चूक आहे, आणि मालक सुटत नाही. त्याला माहीत होतं, तो थांबवू शकत होता, त्यानं थांबवलं नाही. सैन्यातल्या अधिकाऱ्याला आपण याच तीन गोष्टींवर धरतो. पुढच्या महिन्यात तेच शिकवणार आहे."

वरिष्ठाची जबाबदारी म्हणजे काय ते मला पुस्तकातून कळलं नाही, मॅडम. त्या स्क्रूंवरून कळलं.

त्यानंतरची वर्षं तुम्हाला माहीत आहेत, ती परत कशाला सांगू. निकाल लागला तेव्हा बाबा सियागंजातल्या सगळ्या हम्मालांना जिलेबी वाटत फिरले आणि प्रत्येकाला बोलले, "होळकरांच्या फौजेनंतर आता आम्ही वकिलीत." मग एलएलएम, मग पीएचडी. तुम्ही तोवर रिटायर झाला होतात, सकाळचा तो एक पेपर तेवढा शिकवायला जायचात. कागदावर माझे गाइड वेगळे होते, पण प्रत्येक प्रकरण आधी तुमच्या फ्लॅटवर यायचं. तुमच्याकडचा तो फिका चहा. "साखर कमी आहे, वाद घाल, गोड होईल," हा तुमचा ठरलेला टोमणा. कुंदामावशी, तुमची बहीण, आतून ओरडायच्या, "वसू, तिला आधी काही खायला तरी दे, मग सोल."

माझा विषय होता शांतिसैनिकांविरुद्धच्या तक्रारी. निळी टोपी घालून जो दुसऱ्या देशात लोकांचं रक्षण करायला जातो, त्यानंच तिथे गुन्हा केला तर? खटला चालवायचा अधिकार त्याच्या स्वतःच्या देशाकडे असतो. जिथे गुन्हा घडला तिथलं कोर्ट त्याला हात लावू शकत नाही. तक्रार करणारी बाई एका देशात, आरोपी विमानात बसून दुसऱ्या देशात, आणि मधल्या वाटेवर एक फाइल. मी त्या फाइलवर लिहीत होते. बाबांना समजावून सांगितलं तेव्हा ते बोलले, "मतलब, चौकीदारानं चोरी केली तर रिपोर्ट त्याच्याच गावात लिहायची?" प्रबंधाचा सारांश मला इतका छान कधी जमला नाही.

तुम्ही तरुणपणी दोन वर्षं अशाच एका शांतिसेनेसोबत होतात, बयानं लिहून घ्यायच्या कामावर, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल तुम्ही बोलत नव्हता. माझ्यासमोर एकदाच बोललात. एप्रिलची दुपार होती, लाइट गेलेली, आणि तुम्ही पुठ्ठ्यानं वारा घेत होतात.

निर्वासितांच्या छावणीतला तंबू. एक बाई, तिचं लहान मूल, एक दुभाषी आणि तुम्ही. त्या बाईची तक्रार निळ्या टोपीवाल्याविरुद्ध होती. तिनं तीन तास सांगितलं, तुम्ही लिहिलं. वाचून दाखवायचं बाकी होतं आणि चार वाजले. चारला गाड्यांचा ताफा निघायचा, आणि बिगरसैनिक माणसानं ताफ्याशिवाय मागे थांबायचं नाही असा नियम होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तुम्ही तिला सांगितलंत, उद्या येऊन वाचून दाखवते. दुसऱ्या दिवशी रस्ता बंद. नऊ दिवसांनी तुम्ही पोचलात तेव्हा ती बाई छावणीत नव्हती. कुठे गेली, कोणी सांगू शकलं नाही.

"फॉर्मवर एक चौकट असते," तुम्ही बोललात. "साक्षीदाराला वाचून दाखवलं, हो की नाही. मी 'नाही' लिहिलं. फाइल वर गेली आणि परत आली. शेरा होता, 'वाचून दाखवल्याची नोंद नाही, सबब ग्राह्य नाही.' तो शिपाई मुदत पूर्ण करून घरी गेला." पुठ्ठा थांबला. "मी तिथे 'हो' लिहिलं असतं तर कोणाला कळणार होतं? तीस वर्षं झाली पूनम, मला अजून ठरवता आलं नाही."

मला ठरवायला एक मिनिट लागलं नाही. "लिहायचं होतं 'हो', मॅडम! ती खरंच बोलत होती ना?"

"खरंच बोलत होती."

"मग?"

"मग तुझ्या बाबांचं पहिलं बयान पण चाललं असतं. ते पण खऱ्याबद्दलच होतं."

त्या दुपारपासून आपला हा वाद सुरू होता. तो संपला नाही. संपवायची घाई कोणाला होती? मला वाटायचं, वेळ आहे.

आता ते सांगते जे सांगायला मी हा कागद घेतला.

माझं सातवं प्रकरण त्या बाईचं होतं. तुम्ही जे सांगितलं त्यावरून मी तिचं बयान लिहिलं, तिच्या तोंडून, 'मी' म्हणून. मला माहीत नसलेल्या जागा अंदाजानं भरल्या. सहा प्रकरणं कायद्याची कोरडी होती, सातव्यात जीव आला असं माझ्या गाइडनाही वाटलं. तुमच्याकडे ठेवून गेले. आठवड्यानं आले तेव्हा तुम्ही ते टेबलावर काढून ठेवलं होतं. बाकी प्रकरणांच्या समासात तुमच्या पेन्सिलीनं जागा सोडलेली नसायची. इथे पहिल्या पानावर फक्त एक ओळ होती. "हिला वाचून दाखवलंस?"

"मॅडम, ती कुठे सापडणार मला?"

"मग तिच्या तोंडी शब्द कुठून आले?"

"तुम्ही सांगितलेले आहेत."

"मी तुला चहा पिताना सांगितलं. तिनं मला सांगितलं ते प्रबंधासाठी नव्हतं. काढ ते."

"म्हणजे तिचं कोणीच ऐकायचं नाही? त्या ऑफिसानं फाइल परत केली, आणि आता तुम्ही पण परत करताय? तोच शेरा?"

"पूनम, तिला न विचारता..."

आणि मी बोलले, "तुम्ही तरी कुठे दाखवलं होतं वाचून?"

तुम्ही चष्मा काढलात, पदरानं पुसलात, परत घातलात. आतलं मावशीच्या भांड्यांचं वाजणं थांबलं. "चहा घे," तुम्ही बोललात. "गार होतोय." मी चहा घेतला नाही. प्रकरण उचललं आणि जिना उतरले. तुमच्याकडचा चहा मी टाकून आलेला तो एकच.

चार महिने मी आले नाही. रोज वाटायचं की जाऊ. मग वाटायचं, त्यांनी बोलवावं. आमच्यात ऐट आहे म्हटलं ना. पणजोबांचा घोडा गेला, लगाम माझ्याकडे राहिला. तुमच्या घरापासून दोन चौक अलीकडे मी शिकवण्या घेत होते, मॅडम. दोन चौक.

मग एका सकाळी कुंदामावशीचा फोन आला. "पूनम, वसू गेली ग. पूजेची फुलं काढता काढता बसली खाली."

बाकीचं सगळं या स्मरणिकेत लोकांनी लिहिलंय. पदं, परिषदा, किती विद्यार्थी. मी ते लिहीत नाही. तेराव्यानंतर मावशीनं मला पुस्तकं न्यायला बोलावलं. "तुझ्याच नावानं ठेवली आहेत, घेऊन जा." मी कपाट उघडलं आणि, खोटं कशाला बोलू, पुस्तकं बघायच्या आधी मी कागद शोधले. वाटलं, माझ्यासाठी चार ओळी असतील. एखादी चिठ्ठी, पिक्चरमध्ये निघते तशी. काही नव्हतं. तुमच्या शिकवण्याच्या टिपणांच्या फायली होत्या, धोब्याची वही होती, आणि पेन्सिली, एकेक टोक केलेली.

बाबा सोबत आले होते. आता ते ओझं उचलत नाहीत, गोदामाच्या दारात बसून पोती मोजतात, पण पोतं बांधावं तर त्यांनीच. तुमचे जाडजूड ग्रंथ ते साखरेच्या रिकाम्या पोत्यांत भरत होते, कोपरे दुमडू नयेत म्हणून मधे मधे वर्तमानपत्र घालत. फायलींपाशी आले आणि एक फाइल हातात धरून थांबले. पिवळी.

"ही त्यांनी आणली होती," बाबा बोलले.

"कोणी?"

"मॅडमनी. सियागंजात आल्या होत्या त्या. जायच्या आठ-दहा दिवस आधी."

मी तिथेच जमिनीवर बसले. बाबा सांगत गेले, गाठ मारता मारता, जसं काही विशेष नाही.

तुम्ही भर दुपारी ट्रकांच्या गर्दीतून, गोदाम विचारत विचारत पोचलात. हम्मालांनी तुम्हाला कर्जवसुलीवाल्या समजून बाबांना हाक दिली, "भिया, बैंकवाली मैडम आई है, भागो!" बाबांनी पोत्यावर टॉवेल अंथरून तुम्हाला बसवलं. तुम्ही फाइल उघडून बोललात, "मी इतकी वर्षं तुमचं बयान वर्गात शिकवते, एका कामगाराचं म्हणून, नाव न घेता. तुमच्या मुलीनं मला ते दिलं, पण तुम्हाला मी कधी विचारलंच नाही. आज वाचून दाखवायला आले." मग तुम्ही ते सव्वा पान वाचलंत. गाड्या उतरत होत्या, ओरडा चालला होता, आणि तुम्ही वाचत होतात. शेवटी विचारलंत, "यातलं काय तुमचं नाही?"

"मग?" मी विचारलं.

"मी बोललो, आहे ते सगळं माझं आहे. पण एक राहिलंय." बाबांनी सुतळी दातानं तोडली. "मालकाला मी एकदा सांगितलं होतं. की सेठ, जाळी लावून माल पूरा होत नाही, काय करू. तो बोलला, 'देख लो भिया, जैसा जमे.' मॅडमनी ते लिहून घेतलं. परत वाचून दाखवलं."

पिवळ्या फायलीत शेवटी ते होतं, तुमच्या पेन्सिलीनं. देख लो भिया, जैसा जमे. मालक नुसता बघत जात नव्हता. त्याला विचारलं गेलं होतं, आणि त्यानं उत्तर दिलं होतं. इतकी वर्षं मी वरिष्ठाची जबाबदारी शिकले, शिकवली, तिच्यावर निबंध वाचले, आणि त्या प्रकरणाचा सगळ्यात मोठा पुरावा माझ्या घरात रोज माझ्यासोबत जेवत होता.

"बाबा, हे मला का नाही सांगितलं?"

"तेव्हा घाबरलो. नवी नवी वकिलीत होतीस. केस करशील, मालकाची माणसं घरी येतील."

"आणि नंतर?"

"नंतर तू विचारलंच नाहीस."

ते सहज बोलले, मॅडम. टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

मग त्यांनी राहिलेलं सांगितलं. तुम्ही विचारलंत की वर्गात हे शिकवलं तर चालेल का. बाबा बोलले, "शिकवा. नाव पण सांगा. बोटं माझी गेली, तर नाव पण माझंच असू दे." आणि निघताना तुम्ही त्यांना बजावलंत, "पूनमला हे मी सांगेन. तिनं मला एक प्रश्न विचारला होता. हे त्याचं उत्तर आहे. अर्धं."

अर्धं. कारण दुसरं अर्धं त्या बाईपाशी होतं, आणि तिच्यापर्यंत तुम्ही पोचू शकत नव्हतात. जिच्यापर्यंत पोचता येत नाही तिचं काय करायचं, ते तुम्हाला तीस वर्षं कळलं नाही. ज्याच्यापर्यंत रिक्षानं पोचता येतं त्याच्याकडे तुम्ही गेलात. मी दोन चौक चालले नाही.

ते वाक्य मी बोलायला नको होतं. खोटं होतं म्हणून नव्हे. खरं होतं, आणि मी ते तुम्हाला मारायला वापरलं. शरण आलेल्याला मारायचं नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकले होते. माफी मागते. 'माफ केलंत ना' असं विचारत नाही, तो मान हलवायचा प्रश्न आहे.

पण वाद मी सोडलेला नाही, हे पण सांगते. काही दिवशी मला अजून वाटतं की तुम्ही त्या चौकटीत 'हो' लिहायला हवं होतं. एका बाईसाठी एक खोटा शब्द. मग पिवळी फाइल आठवते आणि वाटतं, नाही. वाचून दाखवलं असतं तर तीही बोलली असती, 'एक राहिलंय'. ते एक काय होतं, ते आपण कोणी कधी ऐकणार नाही. तुमच्या 'नाही'नं निदान तेवढी जागा तिच्या नावानं रिकामी ठेवली. पण त्यानं तिला काय मिळालं? मला झोप लागत नाही असं नाही, पण भाजी चिरता चिरता हात थांबतो.

हा कागद छापायला द्यायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवता येत नव्हता. म्हणून कुंदामावशीला दाखवला. पूर्ण, मोठ्यानं, तुमच्या त्याच टेबलाशी बसून. तुमच्या फॉर्मची गोष्ट त्यांना माहीत होती. ती नावानं छापायची का, हे त्यांनी दोन दिवस विचार करून सांगितलं. "छाप. तिनं लपवली नव्हती, तिला कोणी विचारलं नव्हतं." मग मी विचारलं, यातलं काय मॅडमचं नाही? त्या बोलल्या, "वसू इतकी भली नव्हती. तुझ्यावर चिडली होती ती. आठवडाभर माझ्याशी पण धड बोलली नाही. आणि चष्मा पदरानं पुसला नसेल, ती घरात गाऊन घालायची." मला पदरच आठवतो. पण त्या घरातल्या आहेत, म्हणून दोन्ही लिहिते. मावशीनं दिलेला चहा तेवढा या वेळी मी संपवून आले.

सातवं प्रकरण मी पुन्हा लिहिलं. त्यात त्या बाईचं एकही वाक्य नाही. एक जबानी घेतली गेली, ती वाचून दाखवली गेली नाही, म्हणून ती मी इथे देत नाही, असं पहिल्या पानावर आहे. बाकी पानं ताफ्याच्या वेळेबद्दल आहेत. साक्षीदाराला वाचून दाखवणं पूर्ण झाल्याशिवाय गाडी निघणार नाही असा नियम का हवा, आणि दोष आढळला तर फाइल परत करण्याऐवजी माणूस परत का पाठवायला हवा, एवढंच त्यात आहे. परिशिष्टात बाबांचं बयान आहे, नव्या वाक्यासकट, त्यांच्या पूर्ण नावानं. छापण्याआधी त्यांना वाचून दाखवलं. काही राहिलं नाही म्हणाले.

सोमवारी प्रबंध विद्यापीठात जमा झाला. तुमचा पेपर या वर्षापासून अतिथी विद्वान म्हणून, म्हणजे तासाच्या मानधनावर, मी शिकवते, सकाळी आठला. वर्गात चौदा जण आहेत. पहिला गृहपाठ दिला आहे, आणि चौदाही जणांनी घरी वाचून दाखवला आहे.